पट्टू खात नाही: लेपर्ड गेकोच्या आजारी पिल्लाचे प्रकरण

दक्षिण इंग्लंडमधल्या एका दवाखान्यात मी पक्षी आणि सरपटणारे प्राणी तपासते. हे प्रकरण तिथल्याच एका मराठी कुटुंबाचे. त्यांच्या परवानगीने लिहिते आहे; ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत किंवा गाळले आहेत. औषधांच्या मात्रा मुद्दाम दिलेल्या नाहीत. साडेतीन ग्रॅमच्या जिवाच्या बाबतीत दशांशचिन्ह एक घर सरकले तरी खेळ खलास होतो, त्यामुळे ते गणित वजनकाट्याशेजारी बसूनच करायचे असते.

पार्श्वभूमी

घरात आई-वडील, अकरा वर्षांची मुलगी आणि थंडीचे तीन-चार महिने लेकीकडे राहायला आलेली सांगलीची आजी. मुलीला कुत्रा हवा होता, पण भाड्याच्या घरात घरमालकाची परवानगी नव्हती. बऱ्याच वाटाघाटीनंतर लेपर्ड गेको या पालीच्या कुळातल्या प्राण्यावर तडजोड झाली. इंग्लंडमध्ये हा प्राणी पाळायला खास परवाना लागत नाही. मात्र २००६ च्या प्राणी कल्याण कायद्यानुसार त्याला योग्य जागा, योग्य आहार आणि आजारपणापासून संरक्षण देणे ही पाळणाऱ्याची जबाबदारी असते. दुकानातून एक माहितीपत्रक मिळाले, ते फ्रिजवर चिकटवले गेले.

लेपर्ड गेको मूळचा अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि वायव्य भारतातल्या कोरड्या, खडकाळ मुलखातला. भिंतीवरच्या पालीसारखे चिकटणारे पंजे त्याला नसतात, तो जमिनीवर चालतो. त्याला पापण्या असतात, त्यामुळे डोळे मिटून झोपतो. शेपटी जाड असते आणि तिच्यात चरबीचा साठा असतो. उपासमारीत प्राणी त्या साठ्यावर तगतो, म्हणून शेपटीची जाडी बघितली की पोटापाण्याची परिस्थिती बरीचशी कळते. (त्याची एक भाऊबंद जात गुजरात-महाराष्ट्रात आढळते आणि सातपुड्यातल्या आणखी एका जातीचे वर्णन २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्या रानातल्या पाली आहेत, त्यांनी रानातच राहावे. इथे पाळली जातात ती पिढ्यान् पिढ्या बंदिवासात पैदास झालेली पिल्ले.)

पिल्लाच्या अंगावर पिवळे-काळे आडवे पट्टे होते, म्हणून मुलीने त्याचे नाव पट्टू ठेवले. मोठेपणी हे पट्टे मोडून ठिपके होतात, हे तिला नंतर कळले, पण नाव तेच राहिले. नर की मादी हे इतक्या लहानपणी सांगता येत नाही. या जातीत ते अंडे उबवतानाच्या तापमानावर ठरते. घरात मात्र तो ‘तो’च झाला.

अडचण

दुकानदाराच्या सांगण्यानुसार पिल्लू सहा आठवड्यांचे होते आणि दुकानात व्यवस्थित खात होते. तिथे ते इतर पाच-सहा पिल्लांबरोबर एकाच पेटीत होते. अशा पेटीत कोण खाते आणि कोण नुसते कोपऱ्यात बसते हे रोज बघितल्याशिवाय कळत नाही, त्यामुळे ‘व्यवस्थित खात होते’ या वाक्याला मी फारसे वजन दिले नाही.

घरी आणल्यावर पहिल्या आठवड्यात त्याने एखाददुसरा मीलवर्म (खाद्य म्हणून विकत मिळणारी भुंगेऱ्याची अळी) खाल्ला असावा. ‘असावा’ म्हणजे वाटीतला एक कमी दिसला. त्यानंतर काहीच नाही. आईने इंटरनेटवर शोधाशोध केली आणि जे जे सापडले ते ते करून बघितले. मोठे रातकिडे पेटीत सोडले. ते रात्रभर पिल्लाच्याच अंगावरून फिरले. ‘गेको फळे खातात’ असे कुठेतरी वाचून केळ्याचा गर दिला. फळे चाटतो तो क्रेस्टेड गेको, हा प्राणी वेगळा. लेपर्ड गेको फक्त किडे खातो, त्याला केळे म्हणजे माती. शेवटी एक व्हिडिओ बघून चिमट्याने तोंड उघडून मीलवर्म आत ढकलायचा प्रयत्न झाला. पिल्लाने तो थुंकला आणि आईचे हात थरथरायला लागले. तिने तिथेच थांबून दवाखान्यात फोन केला. या प्रकरणातला पहिला योग्य निर्णय मी त्यालाच म्हणेन. त्या वयाचा जबडा किती नाजूक असतो हे ज्याने पाहिले आहे त्याला याचे कारण सांगावे लागणार नाही.

पहिली तपासणी

पट्टू आला तो लोकरीच्या टोपीत गुंडाळलेल्या प्लॅस्टिकच्या डब्यात. वजन ३.४ ग्रॅम. अंड्यातून बाहेर पडतानाच ही पिल्ले साधारण तीन ग्रॅमची असतात. सांगितलेले वय खरे असेल तर आठ-दहा ग्रॅम तरी अपेक्षित होते. शेपटी काडीसारखी, मणके मोजता येतील अशी. डोळे आत गेलेले. पाठीची कातडी हलकेच उचलली तर ती तशीच उभी राहत होती, म्हणजे शरीरात पाणी कमी. तोंडातली लाळ चिकट, पण तोंड आतून गुलाबी, जखम नाही, पू नाही. जबडा टणक होता आणि पाय सरळ, म्हणजे कॅल्शियमअभावी हाडे मऊ पडल्याचे लक्षण निदान उघड दिसत नव्हते. एका मागच्या पायाच्या बोटांवर जुन्या कातीचे कडे आवळलेले होते.

या वयात पोटाची कातडी इतकी पातळ असते की उजेडासमोर धरले तर आतले थोडेफार दिसते. यकृताची गडद सावली दिसत होती, बाकी पोट रिकामे.

मग मी पेटीचे फोटो मागितले. ते आईकडे होते, पण आदल्या रात्रीचे. सकाळी दवाखान्यात यायचे म्हणून आजीने पेटी स्वच्छ करून, जुने सगळे फेकून, नवी वाळू भरून ठेवली होती. पाहुणे यायच्या आधी घर आवरतात तशी. त्या जुन्या वाळूबरोबर विष्ठेचा एक वाळका तुकडाही कचऱ्यात गेला होता आणि पुढचे बरेच दिवस मला त्या तुकड्याची आठवण येत राहिली.

फोटोत मात्र हवे ते सापडले. पेटी तीन फुटी, काचेची, खिडकीपाशी ठेवलेली. उबेसाठीची हीट मॅट पेटीच्या मागच्या काचेला बाहेरून चिकटवलेली. थर्मोस्टॅटचा संवेदक आतून त्याच काचेवर आणि घड्याळासारखा गोल तापमापकही त्याच काचेवर. म्हणजे तापमापक काचेचे तापमान दाखवत होता, तीस अंश. थर्मोस्टॅट त्याच आकड्यावर खूश होऊन मॅट बंद करत होता. पट्टू बसत होता ती वाळू किती गरम आहे हे कोणी मोजलेच नव्हते. घरी गेल्यावर आईने इन्फ्रारेड तापमापक आणून मोजले: उबदार समजल्या जाणाऱ्या लपणाच्या आत २३ अंश, आणि पहाटे, घराचे हीटिंग रात्रभर बंद राहिल्यावर, थंड टोकाला १६.

या प्राण्याला पोट टेकायला साधारण ३१ ते ३३ अंशांची जमीन लागते. त्याच्या अंगात स्वतःची ऊब तयार होत नाही. जठरातले पाचक रस, आतड्यांची हालचाल, रोगप्रतिकारशक्ती, सगळे बाहेरच्या उबेवर चालते. २३ अंशांत त्याला भूक लागत नाही, आणि बळेच पोटात काही घातले तरी ते पचायच्या ऐवजी कुजते. खाल्लेले उलटून पडते ते पुष्कळदा याचमुळे.

समोरचे पर्याय

उबेचा घोळ सापडला, पण तेवढ्यावर निदान संपवणे मला पटत नव्हते. वाळलेली शेपटी आणि न खाणे यांचा जोड दिसला की मनात शंकेची पाल चुकचुकते ती क्रिप्टोस्पोरिडियमची, थोडक्यात क्रिप्टोची. हा आतड्यातला परजीवी लेपर्ड गेकोंमध्ये कुप्रसिद्ध आहे. प्राणी झिजत जातो, शेपटी काडी होते, आणि खात्रीचा इलाज आजही नाही. शिवाय तो एकमेकांत पसरतो आणि साध्या जंतुनाशकांना दाद देत नाही. पिल्लू बऱ्याच पिल्लांत राहून आलेले. त्यामुळे ही शक्यता आईला पहिल्याच दिवशी सांगणे भाग होते. दुसरी शक्यता आतड्यातल्या जंतांची. तिसरी वाळू खाऊन आतडे तुंबण्याची, कारण पेटीत ‘कॅल्शियम सँड’ म्हणून विकली जाणारी वाळू होती.

रक्ततपासणीचा प्रश्नच नव्हता. इतक्या लहान जिवातून काढता येण्याजोगे रक्त म्हणजे सुईच्या टोकावरचा ठिपका. विष्ठेची तपासणी हवी होती, पण विष्ठा नव्हती आणि न खाणारे पिल्लू ती लगेच देणारही नव्हते. एक्स-रे काढता आला असता. पोट बाहेरून बोटाने चाचपल्यावर कडक काही लागत नव्हते, उजेडात वाळूचा साठा दिसत नव्हता, म्हणून तो दोन-तीन दिवसांनी, गरज पडली तर, असे ठरवले. माझे काही सहकारी तो पहिल्याच दिवशी काढतील आणि त्यांचे चुकते असे मी म्हणणार नाही.

खरा पेच पुढचा होता. आईचा प्रश्न सरळ होता: “डॉक्टर, तुम्ही आत्ता याला काहीतरी भरवा ना. तीन आठवडे उपाशी आहे हो.”

कोणालाही हेच सुचेल. पण थंड, कोरड्या पडलेल्या शरीरात अन्न ढकलणे हा या प्रकरणातला सगळ्यांत धोक्याचा पर्याय होता. एक तर पचणार नाही. दुसरे, दीर्घ उपासानंतर एकदम भरपूर अन्न मिळाले की रक्तातले फॉस्फेट आणि पोटॅशियम झपाट्याने खाली येतात, आणि जो प्राणी उपासाने मेला नाही तो जेवणाने मरतो. माणसांतही हे घडते. म्हणून क्रम ठरलेला: आधी ऊब, मग पाणी, मग अन्न, तेही थोडक्यापासून. हे आईला पटवायला तपासणीइतकाच वेळ लागला. आजीला एका वाक्यात पटले. “एकादशी सोडताना कोणी पुरणपोळीवर तुटून पडत नाही,” असे ती लेकीला म्हणाली.

दवाखान्यात ठेवायचे की घरी, हा दुसरा निर्णय. दवाखान्यात तापमान हुकमी, हात सरावाचे. पण जागा अनोळखी, शेजारी पोपट ओरडतात आणि खर्च वाढत जातो. घरी आई दिवसभर होती, तिचे हात आता शांत झाले होते, आणि पहिले तीन दिवस करायचे होते ते ऊब, पाणी आणि शांतता एवढेच. घरी पाठवायचे ठरले, पण एक रेषा आखून: वजन ३ ग्रॅमच्या खाली गेले किंवा पिल्लाने डोळे उघडणे बंद केले तर त्याच दिवशी परत आणायचे. मरणाचा विषय मीच काढला. क्रिप्टो निघाला आणि पिल्लू झिजतच राहिले तर त्याला शांतपणे झोपवणे हाही पर्याय असेल, असे सांगितले. मुलगी तेव्हा खोलीत होती. तिला बाहेर पाठवावे का, असे आईने नजरेने विचारले. मी मान हलवून नाही म्हटले. पट्टू तिचाच होता.

काय केले

निघण्यापूर्वी कातडीखाली कोमट सलाइन दिले, ०.०६ मिलिलिटर. इन्सुलिनच्या सिरिंजवर ते सहा खुणांएवढे भरते. बघणाऱ्याला वाटते, एवढ्याने काय होणार. पण साठ किलोच्या माणसाच्या हिशेबात ते लिटरभर सलाइन झाले. बोटांवरचे कातीचे कडे ओल्या कापसाने मऊ करून, भिंगाखाली, जेवढे सुटले तेवढे सोडवले.

मोठी पेटी तात्पुरती रिकामी केली. तीन फुटी जागा पिल्लासाठी वाईटच असते असे नाही, भरपूर आडोसे असतील तर चालते. पण आजारी पिल्लावर नजर ठेवायला आणि त्याला भक्ष्य सापडायला छोटी जागा सोयीची. झाकणाला भोके पाडलेला एक प्लॅस्टिकचा डबा, तळाला पेपर टॉवेल, मॅट डब्याच्या एक तृतीयांश भागाखाली. थर्मोस्टॅटचा संवेदक उबदार लपणाच्या आत, जमिनीला टेकवून. तिथल्या पेपर टॉवेलवर इन्फ्रारेड तापमापकाने ३२ येईपर्यंत थर्मोस्टॅट फिरवायचा; त्याच्या तबकडीवर कोणता आकडा दिसतो याला महत्त्व नाही. लपायला तीन जागा: एक उबेत, एक गारव्यात आणि मधली ओलसर कागदाची, कात सुटायला. बाटलीच्या झाकणात पाणी. डबा खिडकीपासून लांब, कपाटातल्या कप्प्यात, तिन्ही बाजूंनी टॉवेलचा आडोसा.

हाताळणे बंद. पट्टूला सवय व्हावी म्हणून मुलगी त्याला रोज संध्याकाळी तळहातावर घेत होती. ते थांबवणे तिला जड गेले, म्हणून तिला एक काम दिले: रोज एकाच वेळी वजन करून वहीत लिहायचे. स्वयंपाकघरातला काटा एका ग्रॅमच्या पावलांनी मोजतो, त्याचा इथे उपयोग शून्य. ०.०१ ग्रॅम दाखवणारा, दागिने तोलायचा छोटा काटा मागवला. प्राण्याला उचलायचे नाही, छोट्या वाटीत चालत जाऊ द्यायचे आणि वाटीसकट तोलायचे.

पाण्यासाठी दिवसातून एकदा, घोट्याएवढ्या कोमट पाण्यात दहा मिनिटे बसवायचे आणि दोन-तीनदा नाकाच्या टोकावर पाण्याचा थेंब सोडायचा. गेको तो जिभेने चाटून घेतो. आजीने हे बघितले आणि म्हणाली, “आमच्याकडे पाल अंगावर पडली तर माणसाने अंघोळ करायची. इथे पालीलाच अंघोळ घालतायत.” पण पाणी कोमट आहे का ते रोज मनगटावर थेंब टाकून तीच बघायची. हे भांडे स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये धुवायचे नाही आणि हात साबणाने धुवायचे, ही ताकीद सगळ्यांना. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या विष्ठेतून साल्मोनेला पसरू शकतो. प्राणी ठणठणीत दिसत असला तरी.

पहिल्या तीन दिवसांत वजन ३.६ झाले. आईचा आनंदाने फोन आला. ते पाण्याचे वजन होते, अन्नाचे नव्हे, हे सांगताना मला थोडे वाईट वाटले. पण डोळे वर आले होते, आणि उबेत दोन दिवस राहिल्यावर पट्टूने चक्क विष्ठा केली. बारीकशी, तिच्यात वाळूचे काही कण. म्हणजे आतडे चालू होते. एक्स-रेचा विषय तिथेच मिटला.

मग अन्न. मांसाहारी प्राण्यांसाठी मिळणारी रिकव्हरी पावडर कोमट पाण्यात पातळ कालवून, सुई काढलेल्या सिरिंजने, ओठाच्या कडेला थेंब लावायचा. तोंड उघडायचे नाही. चाटला तर पुढचा थेंब, मान फिरवली तर संपले. पहिल्या दिवशी त्याच्या गरजेच्या पाव भागाइतकेच, मग हळूहळू वाढवत. पहिल्या थेंबाला पट्टूने तोंड कागदाला पुसले. दुसऱ्या दिवशी चाटला. थेंब कुठे लावायचा याचेही तंत्र असते: नाकपुडीवर गेला तर श्वासात जायची भीती, म्हणून वरच्या ओठाच्या कडेला, तोंडाच्या फटीशी.

कधी थांबायचे

वजन आठवडाभर ३.५ च्या आसपास घुटमळत राहिले. खाली जात नव्हते, वरही येत नव्हते. ही अवस्था फसवी असते. थेंबावर प्राणी जगतो, घरच्यांना सवय होते आणि तेच चालू राहते. पण हातातून भरवणे म्हणजे रोजचा ताणही, आणि पोटात सतत काहीतरी असलेला प्राणी शिकारीकडे वळत नाही. मी थेंब रोजच्या ऐवजी एका दिवसाआड करायला सांगितले. आई घाबरली. वजन थोडे उतरले, ३.४१ पर्यंत, वहीत मुलीने त्या आकड्याभोवती लाल वर्तुळ काढले.

जिवंत भक्ष्य देण्याची पद्धतही बदलली. रातकिडे पिल्लाच्या दोन डोळ्यांमधल्या अंतराहून मोठे नसावेत, हा साधा नियम. आधीचे रातकिडे दुपटीने मोठे होते. मागचे उड्या मारायचे पाय काढून टाकले की रातकिडा नुसता सरपटतो आणि अशक्त पिल्लाच्याही आवाक्यात येतो. क्रूर वाटते, मुलीने ते करायला नकार दिला आणि तिचे बरोबरच होते, ते आईने केले. वेळ संध्याकाळची, दिवे मंद केल्यावर, कारण हा प्राणी दिवेलागणीला शिकारीला निघतो. आधी आई त्याला शाळा सुटल्यावर, लख्ख उजेडात खायला घालत होती. अर्ध्या तासात खाल्ला नाही तर किडा बाहेर काढायचा. रात्रभर आत राहिलेला भुकेला रातकिडा पिल्लालाच कुरतडतो.

शाकाहारी घरात रातकिड्यांचे खोके कुठे ठेवायचे यावर एक छोटेखानी लढाई झाली. ते शेवटी वॉशिंग मशीनवर गेले. त्यांना खायला घालायचे काम आजीने मागून घेतले: गाजराचा कीस, कोबीची पाने. किडा जे खातो तेच पुढे गेकोच्या पोटात जाते, हे तिला बरोबर कळले होते. वरून कॅल्शियमची पूड लावायची, पीठ लावून भजी सोडतात तितकीच, ढीग नाही.

ज्या संध्याकाळी जमले तिचा व्हिडिओ माझ्याकडे आहे. डब्यात एक लंगडा रातकिडा. पट्टू उबदार लपणातून अर्धा बाहेर. बराच वेळ काही नाही. मग डोके खाली जाते, मान पुढे येते आणि शेपटीचे टोक, फक्त टोक, डावी-उजवीकडे थरथरायला लागते. शिकारीवर झडप घालण्यापूर्वी लेपर्ड गेको हेच करतो. पहिली झडप हुकली, तोंडात कागद आला. दुसरी लागली. मागे मुलीचा दबका आवाज, “आई, हलू नकोस.”

त्या रात्रीनंतर थेंब बंद केले. आईला ते चालू ठेवायचे होते, ‘वरचे म्हणून’. मी नको म्हटले.

तपासण्या आणि जंतांचा निर्णय

खाणे सुरू झाले तशी विष्ठा नियमित मिळू लागली. सूक्ष्मदर्शकाखाली सूत्रकृमींची अंडी भरपूर दिसली. हे जंत पाळीव गेकोंमध्ये सर्रास सापडतात, माणसांना त्यांच्यापासून धोका नसतो, आणि थोडे असले तर पुष्कळदा उपचारही करत नाहीत. इथे संख्या जास्त होती आणि प्राणी खंगलेला. तरी औषध लगेच दिले नाही. जंतनाशकाचा भार आणि एकदम मेलेल्या जंतांचा भार, दोन्ही साडेतीन ग्रॅमच्या आतड्यावर टाकण्यापेक्षा ते चार ग्रॅमच्या वर जाऊ द्यावे असे ठरवले. ४.६ वर औषध दिले, काही आठवड्यांनी पुन्हा दिले आणि दरम्यान पेपर टॉवेल रोज बदलला, नाहीतर तीच अंडी परत पोटात जातात.

क्रिप्टोची पीसीआर चाचणी (विष्ठेत परजीवीचा डीएनए शोधणारी) नकारात्मक आली. परजीवी दरवेळी विष्ठेतून बाहेर पडतोच असे नाही, म्हणून एका नकारात्मक अहवालावर मी थांबत नाही. खर्चाचा विचार करून वडिलांनी दुसरी चाचणी टाळता येईल का विचारले. प्रश्न रास्त होता. त्यांनी दुसरा गेको घ्यायचे ठरवले असते तर मी आग्रहच धरला असता. एकटाच प्राणी आणि वजन वाढते आहे, म्हणून निर्णय त्यांच्यावर सोडला. त्यांनी दोन महिन्यांनी ती करून घेतली. तीही नकारात्मक.

परिणाम

पट्टू आता मोठ्या पेटीत परतला आहे. मॅट तळाखाली, संवेदक जमिनीवर, वाळूच्या जागी फरशीचे तुकडे, वरून अतिनील (यूव्हीबी) किरणांचा मंद दिवा. उपचार सुरू झाल्यावर सहा महिन्यांनी वजन २४ ग्रॅम. त्या वयाच्या निरोगी भावंडांपेक्षा कमीच, पण शेपटी गुबगुबीत आहे आणि पट्टे मोडायला लागले आहेत. मागच्या पायाची दोन बोटे मात्र गेली. कातीचे कडे आवळून रक्तपुरवठा तुटला होता, तो आम्ही कडे सोडवायच्या आधीच. चालताना फरक कळत नाही.

मुलीला आता त्याला सोबत आणायची आहे. लेपर्ड गेको एकटा राहणारा प्राणी आहे. दोन नर भांडतात आणि इतर जोड्यांतही दुबळ्याचे खाणे तुटते, जे पट्टूचे दुकानात कदाचित झाले होते. मी नाही म्हणून सांगितले. आजी भारतात परतल्यावर व्हिडिओ कॉलवर अजून वजन विचारते.

वेगळे काय करता आले असते

सुरुवात दवाखान्याच्या फोनपासून. न खाणाऱ्या सरपटणाऱ्या प्राण्यासाठी फोन आला की आता आमच्या स्वागतकक्षातून एवढे सांगितले जाते: पेटी आवरू नका, आहे तशी फोटोत घ्या, आणि विष्ठा वाळकी असली तरी झिपच्या पिशवीत घालून आणा. पट्टूचा तो तुकडा मिळाला असता तर जंतांचे पहिल्याच दिवशी कळले असते. क्रिप्टोचा पहिला अहवालही काही आठवडे आधी आला असता आणि घरच्यांच्या जिवाला लागलेला घोर कमी झाला असता.

घरच्यांच्या बाजूने पाहिले तर वजन पहिल्या दिवसापासून हवे होते. दुकानातून आणल्याच्या संध्याकाळी काट्यावर ठेवले असते तर पिल्लू मुळातच किती अशक्त होते ते कळले असते, आणि तीन आठवड्यांऐवजी आठवड्याभरात दवाखाना गाठता आला असता. नव्या जागी आलेले निरोगी पिल्लू काही दिवस खात नाही, हे खरे आहे. ‘सवय होईल’ हा सल्ला त्यामुळे सगळीकडे मिळतो, आणि तो चुकीचा नाही. फक्त तो जाड शेपटीच्या पिल्लासाठी आहे. काडीसारख्या शेपटीच्या पिल्लाकडे वाट पाहायला साठाच नसतो.

थेंब एका दिवसाआड करण्याचा निर्णय मी पुन्हा घेईन, पण कदाचित दोन-तीन दिवस आधी. आणि घरी पाठवण्याचा निर्णय प्रत्येक कुटुंबासाठी लागू नाही. इथे एक माणूस दिवसभर घरी होता, वही चोख होती आणि दवाखाना अर्ध्या तासावर होता. यातले एक जरी नसते तरी मी पट्टूला पहिले तीन दिवस दवाखान्यातच ठेवले असते, पोपटांचा आरडाओरडा सोसून.